मत्स्यकन्या कीं मत्सी? : खोडाळ्याकडील सात दगडांवरून सुचलेला विचार

(१)

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यांत खोडाळा हें गांव आहे. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा झाला. तत्पूर्वींच्या कागदांत हा मुलूख ठाण्याखालींच पाहिला पाहिजे. शेजारीं जव्हार. तेथील मुकणे राजघराणें महादेव कोळ्यांचें. त्यांचें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. पूर्वेस घाटमाथ्यावर त्र्यंबकेश्वर आहे, आणि त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावणारी वैतरणा याच तालुक्याच्या दऱ्यांतून पश्चिमसमुद्राकडे जाते. येथील कोळी डोंगरी शेतकरी आहेत. होडी व जाळें यांवर जगणारे नव्हेत. समुद्र येथून दूर. असें असतां मत्स्यकन्येचा विषय या गांवाच्या नांवाशीं आम्हीं कां जोडावा, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचें उत्तर हाच प्रस्तुत लेख होय.

कांहीं वर्षांपूर्वीं खोडाळ्याच्या बाजूस एका ओढ्याच्या डोहाशीं आम्ही उभे होतों. कांठावर शेंदूर लावलेले सात दगड एका रांगेंत मांडलेले. पुढें हळदकुंकू, हिरव्या बांगड्यांचे तुकडे व एक करवंटी. साती आसरांचें तें ठाणें. बरोबर आमचा एक जुना विद्यार्थी होता. तो म्हणाला, ‘म्हणजे या आपल्या जलपऱ्याच कीं! मग यांना शेपटी कां नाहीं?’ पाण्यास आलेल्या एका म्हाताऱ्या बाईनें तें ऐकलें व ती हंसून आम्हांस म्हणाली, ‘शेपटी कशाला, मास्तर? बाया हायेत त्या.’

आम्हीं त्या वेळीं मौन धरिलें. आसरा हें ग्राम्य भूतखेतांचें प्रकरण असून संस्कृत वाङ्मयाशीं त्याचा संबंध असला तर केवळ नांवापुरता आहे, अशी आमची समजूत होती, आणि वर्गांत मुलांना तीच आम्ही अनेक वर्षें सांगत आलों होतों. घरीं येऊन पोथ्या व छापील ग्रंथ पुन्हा उलगडल्यावर ती समजूत चुकीची आहे असें दिसून आलें. विद्यार्थ्याचा प्रश्न आणि त्या बाईचें उत्तर या दोहोंत बाईचें उत्तर अधिक शास्त्रशुद्ध होतें. तें कसें, हें आतां मांडावयाचें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें: आपल्या जुन्या कथांत मत्स्य व मानव यांचे संबंध नाना प्रकारचे आहेत. कोणी माशाच्या पोटीं जन्मतो, कोणी माशाच्या पोटांत लपतो, कोणी शापानें मासा होतो, कोणी माशावर आरूढ होतो. परंतु कमरेवर स्त्री व कमरेखालीं मासा असें दुभंगलेलें शरीर त्या कथांत मिळत नाहीं. तें मूर्तिकार व चित्रकार यांनीं निर्माण केलें. कथेस काळ असतो. तींत आज मासा असलेली उद्यां स्त्री होऊं शकते. दगडास काळ नसतो. त्यांत दोन्ही अवस्था एकाच वेळीं दाखवाव्या लागतात, आणि म्हणून त्या एकीवर एक बसविल्या जातात.

(२)

प्रथम शब्दाचा विचार करूं. ‘आसरा’ म्हणजे अप्सरा. संस्कृत अप्सरा, प्राकृत अच्छरा, मराठी आसरा. हा प्रवास केवळ कानास गोड लागतो म्हणून मानावयाचा नाहीं. ज्या नियमानें मत्स्य शब्दाचा मच्छ व मच्छाचा मासा झाला, वत्साचा वच्छ व त्याचें वासरूं झालें, त्याच नियमानें अच्छरेची आसरा झाली. मासा व आसरा हे दोन शब्द एकाच भट्टींतून निघालेले आहेत. निरुक्तकार यास्कानें अप्सरा शब्दाची फोड ‘पाण्यांत संचार करणारी’ अशा अर्थानें केली आहे. स्वर्गांतील नृत्यसभा पुढची, पाणी आधींचें. आमच्या खेड्यांतील बायांनीं शब्दाचा मूळ अर्थ जतन केला आणि आम्हीं शाळेंत इंद्रसभेंतील नर्तकींचा अर्थ शिकविला, असा हा उलटा प्रकार आहे.

अथर्ववेदाच्या चौथ्या कांडांतील एका सूक्तांत अप्सरांना नदीकडे, आपल्या पाण्याच्या ठिकाणीं, जाण्यास सांगितलें आहे. तेथें गुग्गुलू, पीला, नलदी, औक्षगंधी व प्रमंदनी अशीं पांच नांवें आहेत. त्यांतील गुग्गुलू व नलदी हीं तर उघडच सुगंधी द्रव्यांचीं नांवें. माशाचें नांव एकहि नाहीं. शतपथब्राह्मणांत पुरूरव्यास उर्वशी पुन्हा भेटते ती सरोवरांत, सख्यांसह पाणपक्ष्यांच्या रूपांत तरंगत असतां. म्हणजे वेदकाळीं अप्सरेनें जें प्राणिरूप घेतलें तें पक्ष्याचें. तेंहि पूर्ण पक्ष्याचें; पंख असलेल्या बाईचें नव्हे. ओळख पटल्यावर ती पूर्ण उर्वशी होते.

मासा येतो तो महाभारतांत. आदिपर्वांत अद्रिका नांवाची अप्सरा शापानें यमुनेंत मासा होऊन राहते. उपरिचर वसूचें रेत ती गिळते; दहाव्या महिन्यांत कोळ्यांच्या जाळ्यांत सांपडते; तिच्या पोटांतून एक मुलगा व एक मुलगी निघतात. मुलास राजा घेतो, मुलगी कोळ्याकडे वाढते. हीच मत्स्यगंधा सत्यवती, व्यासांची माता व कौरवपांडवांची पणजी. अद्रिका शापमुक्त होऊन आपल्या रूपास जाते. या सर्व कथेंत शेपटी असलेली स्त्री कोठेंहि नाहीं. मुलीस माशाचें जें चिन्ह राहिलें तें गंधाचें; अंगाचें नव्हे, आणि तोहि पुढें पराशराच्या वरानें गेला.

याच आदिपर्वांत दुसरी एक कथा आहे आणि आमच्या मतें आसरांच्या विषयांत तीच मुख्य प्रमाण होय. तीर्थयात्रेस निघालेला अर्जुन दक्षिणसमुद्राच्या कांठीं येतो. तेथील पांच तीर्थें ऋषींनीं टाकलेलीं असतात, कारण त्यांत उतरणाऱ्यास पांच ग्राह ओढून नेतात. अर्जुन सौभद्र तीर्थांत उतरतो. ग्राह त्याचा पाय धरतो. तो त्यास बळानें बाहेर ओढतो, आणि कांठावर येतांच त्या ग्राहाची अलंकृत स्त्री होते. ती वर्गा नांवाची अप्सरा. सौरभेयी, समीची, बुद्बुदा व लता या तिच्या चार सख्या उरलेल्या चार तीर्थांत तशाच शापित असतात. आतां खोडाळ्याकडे, किंवा महाराष्ट्रांत कोठेंहि, डोहावरील आसरांविषयीं काय सांगतात तें पाहावें. त्या डोहांत राहतात; अनेक असतात व एकमेकींच्या बहिणी असतात; अवेळीं पाण्यांत उतरणाऱ्यास ओढतात; त्यांना ओटी भरून प्रसन्न करावें लागतें. भांडारकर संस्थेच्या संशोधित आवृत्तींत सुकथनकरांनीं आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण केलें. त्यांत या कथेपुढें बसून आम्हांस प्रथमच उमगलें कीं, डोहावरची ती बाई आणि महाभारतकार एकाच प्रकारच्या पाण्याविषयीं बोलत आहेत. पाण्यांत असतांना ग्राह, बाहेर आल्यावर स्त्री. मधली अवस्था दोघांसहि माहीत नाहीं.

(३)

आतां सात या संख्येचा विचार. आमच्या पुरोहितवर्गांत जलयात्रेच्या व शांतिकर्मांच्या प्रसंगीं सप्त जलमातृकांचें पूजन आहे. प्रयोगाच्या पोथ्यांत त्यांचीं नांवें अशीं येतात: मत्सी, कूर्मी, वाराही, दर्दुरी, मकरी, जलूकी, जंतुकी. इकडे महाराष्ट्रांतील साती आसरांचीं म्हणून जीं नांवें नोंदलेलीं आहेत तीं अशीं: मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा, मकरी. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या असतां चार नांवें जशींच्या तशीं जुळतात: मासोळी, कांसवी, बेडकी व मगरी. वाराहीच्या जागीं खेंकडी आली आहे, आणि डोंगरी ओढ्याचा विचार करतां तीच अधिक स्वाभाविक आहे. वाराही ही सप्तमातृकांच्या प्रसिद्ध गणांतून येथें शिरली असावी, असा आमचा तर्क आहे. जळू जाऊन सोमपा कां आली हें सुटत नाहीं. परंतु जंतुकी व जतुपी हा फरक हस्तलिखितें हाताळणाऱ्यांस ओळखीचा वाटेल. अनुस्वाराचा टिंब गळला कीं जंतुकीची जतुकी होते. जतुका म्हणजे वटवाघूळ, म्हणून ती वाचणाऱ्यास खटकतहि नाहीं. पुढें ‘क’ व ‘प’ यांचा घोटाळा करणारा एक लेखक मिळाला कीं जतुपी तयार. असे लेखकप्रमाद आपण बखरींत व वंशावळींत रोज दुरुस्त करतों. पूजेच्या यादींत ते दुरुस्त करावे असें मात्र कोणास वाटलें नाहीं.

पोथींतून यादी खेड्यांत गेली, कीं खेड्यांतील जुन्या जलदेवतांना पोथीनें संस्कृत नांवें दिलीं? आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या ग्रंथांत मावळांतील ‘मावळाया’ या अनेकवचनी जलदेवतांकडे लक्ष वेधलें आहे. त्याहि निराकार तांदळे. त्यांनाहि प्रत्येकीस वेगळें नांव नाहीं. कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखांत मावळास ‘मामाल’ म्हटलें आहे, आणि त्या प्रदेशनामाचा या मातृदेवतांशीं संबंध कोसंबींनीं सुचविला. ती सूचना ग्राह्य धरल्यास सात दगडांची रांग आमच्या हातांतील प्रयोगाच्या पोथ्यांहून कितीतरी जुनी ठरते.

कसेंहि असो, या यादींतील मर्म असें कीं मत्सी हें नांव आहे, रूप नव्हे. पूजेंत ती सुपारी असते किंवा कलशांतील पाणी. डोहावर ती दगड असते. सातांपैकीं मत्सी कोणती व मकरी कोणती हें दगडांवरून सांगतां येत नाहीं, आणि पूजा करणारीस तें सांगण्याची गरजहि पडत नाहीं. मूर्तिकारापुढील अडचण येथें उद्भवतच नाहीं, कारण मूर्तिच घडविलेली नाहीं.

(४)

खोडाळ्याच्या डोक्यावरच त्र्यंबकेश्वर आहे. निवृत्तिनाथांची समाधि तेथें आहे, आणि गहिनीनाथांचा उपदेश त्यांस ब्रह्मगिरीच्या गुहेंत झाला अशी परंपरा आहे. या परंपरेचा मूळपुरुष मत्स्येंद्रनाथ. तेव्हां माशाशीं जोडलेल्या या सर्वांत प्रसिद्ध पुरुषाची कथा येथें तपासणें प्राप्त आहे. कालानुक्रमानें तिचीं तीन रूपें अशीं.

पहिलें रूप ‘कौलज्ञाननिर्णय’ या ग्रंथांत आहे. नेपाळ दरबारच्या ग्रंथालयांतील, सुमारें अकराव्या शतकाच्या लिपींतील प्रतीवरून प्रबोधचंद्र बागची यांनीं तो १९३४ सालीं कलकत्त्यास छापला. त्यांतील कथेप्रमाणें कार्तिकेय रागाच्या भरांत शास्त्रच समुद्रांत फेंकतो व एक मासा तें गिळतो. मग भैरव स्वतः कोळ्याचें रूप घेऊन, जाळें टाकून, माशाचें पोट फाडून तें शास्त्र परत मिळवितो. येथें माशाच्या पोटांत माणूस नाहीं; ग्रंथ आहे. हस्तलिखितांच्या संग्राहकांना यापेक्षां जवळची कथा आम्हांस ठाऊक नाहीं.

दुसरें रूप ज्ञानेश्वरीच्या शेवटीं, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मधील. क्षीरसमुद्राच्या कांठीं शंकरांनीं पार्वतीस कानांत जें गुह्य सांगितलें तें मकराच्या पोटांत गुप्त असलेल्या मत्स्येंद्रास लाभलें, असें ज्ञानदेव आपली गुरुपरंपरा देतांना सांगतात. पुढें सप्तशृंगावर चौरंगीनाथ मत्स्येंद्रास भेटल्याचा उल्लेख तेथेंच आहे. म्हणजे ग्रंथाच्या जागीं आतां ऐकणारा आला.

तिसरें रूप धुंडिसुत मालू याच्या ‘नवनाथभक्तिसारा’ंत, शके १७४१ म्हणजे इ. स. १८१९ मधील. येथें मत्स्येंद्र माशाच्या पोटांत लपत नाहीं. माशाच्याच पोटीं जन्मास येतो, आणि कोळ्यास सांपडतो. या जन्मकथेंतील उपरिचर वसु हा महाभारतांतील अद्रिकेच्या कथेंतून सरळ उचललेला आहे. सत्यवतीचा जन्म मत्स्येंद्रास दिला गेला.

सुमारें आठ शतकांच्या या तीन टप्प्यांत मासा माणसाच्या जवळजवळ येत गेला. प्रथम त्यानें शास्त्र गिळलें, मग श्रोत्यास आश्रय दिला, शेवटीं तो आईच झाला. तरी अखेरपर्यंत मत्स्येंद्र पूर्ण मनुष्यच राहिला. दापोली तालुक्यांतील पन्हाळेकाजी येथील लेण्यांत नाथसिद्धांच्या मूर्ति आहेत; त्यांचें सविस्तर वर्णन म. न. देशपांडे यांचा ग्रंथ १९८६ सालीं प्रसिद्ध झाल्यावर अभ्यासकांच्या हातीं आलें. तेथेंहि सिद्ध हा सिद्धासारखाच बसलेला आहे. जेथें परंपरा जिवंत होती व कथा तोंडपाठ होती, तेथें मूर्तीस शेपटीची गरज पडली नाहीं.

(५)

मग अर्धमत्स्य मूर्ति आली कोठून? मत्स्यावताराचें उदाहरण घेऊं. शतपथब्राह्मणांतील मनूचा मासा हा केवळ मासा आहे. त्याच्या शिंगास नौका बांधावयाची एवढेंच. विष्णूचें नांवहि तेथें नाहीं. महाभारतांत तो ब्रह्मा आहे, पुराणांत विष्णु झाला. भागवतांत हयग्रीवानें हरण केलेले वेद तो परत आणतो. पुन्हा मासा आणि ग्रंथ यांची गांठ! पण रूप मात्र सर्वत्र पूर्ण माशाचें. पंधराव्या शतकांत मेवाडांत सूत्रधार मंडनानें लिहिलेल्या ‘रूपमंडना’ंतहि मत्स्य व कूर्म आपआपल्या मूळ रूपांतच घडवावे असें सांगितलें आहे.

असें असूनहि कमरेवर चतुर्भुज विष्णु व खालीं मासा अशा मूर्ति व चित्रें विपुल आहेत. याचें कारण शेजारच्या अवतारांत शोधावें. नरसिंह हा अर्धा असलाच पाहिजे. हिरण्यकशिपूचा वरच तसा होता कीं, मनुष्यानें मारूं नये व पशूनें मारूं नये. तेथें अर्धेपण कथेचा प्राण आहे. नृवराह त्याच्या जोडीस बसला. दशावतारांची ओळ एकत्र घडविण्याची वेळ आली तेव्हां मत्स्य व कूर्म यांस त्याच सांच्यांत घालणें कारागिरास सोयीचें झालें. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा ज्यांनीं पाहिली असेल त्यांना हें चटकन् पटेल. १२० पानें, दहा अवतारांचे दहा डाव. मत्स्याच्या डावांत साध्या पानांवर पूर्ण मासे मोजून काढलेले असतात. राजाच्या पानावर मात्र माशांतून वर आलेला देव. एकाच डावांत दोन्ही पद्धति! मोजावयाचें तेथें मासा पुरतो. राजा दाखवावयाचा तेथें मुख व हात लागतात.

मकरध्वजाचेंहि तसेंच. मारुतीच्या घामाचा थेंब मगरीनें गिळला व तिच्या पोटीं तो जन्मला, एवढीच कथा. चित्रकारानें त्यास माशाची शेपटी लावली ती जन्माची खूण म्हणून.

उलट, अडचण निराळ्या रीतीनें सोडविल्याचें उत्तम उदाहरण वेरुळास आहे. तेथील एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्याच्या दर्शनी भागीं गंगा मकरावर उभी आहे. स्त्री पूर्ण, मकर पूर्ण. एक वर, एक खालीं. नदी व तिच्यांतील प्राणी यांचा संबंध शिल्पकारानें वाहन करून दाखविला. शरीर कापून जोडलें नाहीं.

येथें कोणी शंका घेईल कीं, गांधार शिल्पांत इसवी सनाच्या पहिल्या शतकांपासून मत्स्यपुच्छ धारण करणारे समुद्रवासी पुरुष स्पष्ट आहेत. मग अर्धरूप आपणांकडे नव्हतें असें कसें म्हणतां? आम्ही तसें म्हणत नाहीं. तें दगडांत होतें. यवनशिल्पाच्या संसर्गानें गांधारांत तर ठळकच होतें. कथेंत तें नव्हतें, एवढेंच आमचें म्हणणें, आणि ही शंका त्यास बाधक नसून पोषक आहे.

(६)

हा नियम आपल्याच देशापुरता आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं बाहेरच्या कथांकडे वळूं. बाबिलोनचा याजक बेरोसस यानें इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत लिहून ठेवलें कीं, ओआनेस नांवाचा एक प्राणी समुद्रांतून वर येई, दिवसभर माणसांना अक्षरविद्या व शास्त्रें शिकवी आणि रात्रीं पाण्यांत जाई. त्याचें शरीर माशाचें. परंतु माशाच्या डोक्याखालीं माणसाचें डोकें व शेपटीशेजारीं माणसाचे पाय. असुरदेशाच्या राजवाड्यांतील शिल्पांत माशाचें कातडें पांघरलेले ऋषि आढळतात ते याच जातीचे. तेथें मासा हें वस्त्र आहे. विद्या समुद्रांतून येते व मासा ती आणतो, हा विचार मात्र मत्स्यावताराशीं व कौलज्ञानाशीं जुळतो हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

सीरियाच्या देवीचें उदाहरण तर आमच्या म्हणण्यास जणूं मुद्दाम पुरविलेलें आहे. डायोडोरस सांगतो कीं, देरकेतो देवीनें लाजेनें सरोवरांत उडी टाकली व ती मासा झाली. ॲस्कलॉन येथें तिची मूर्ति मुखापुरती स्त्री व बाकी मासा अशी होती. दुसऱ्या शतकांत लुसियनच्या नांवावर असलेल्या ग्रंथाचा कर्ता म्हणतो कीं, फिनिशियांत आपण ती अर्धी पाहिली, परंतु हिएरापोलिसच्या मोठ्या देवळांत तीच देवी नखशिखांत स्त्री आहे. देवी एक, एका गांवीं अर्धी, दुसऱ्या गांवीं पूर्ण.

ग्रीकांच्या सायरेन या गाणाऱ्या स्त्रिया. होमरानें त्यांचें शरीर वर्णिलेंच नाहीं. भांड्यांवरील चित्रांत त्या पक्ष्याच्या अंगाच्या आहेत. माशाची शेपटी त्यांना लाभली ती युरोपाच्या मध्ययुगांत. सातव्या-आठव्या शतकांतील राक्षसी प्राण्यांच्या एका लॅटिन ग्रंथांत ती प्रथम नीट दिसते. पाणपक्षी झालेली उर्वशी व मासा झालेली अद्रिका यांचा क्रम वाचकांस येथें आठवेल. दोन्हींकडे पक्षी आधीं, मासा मागून. एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें आम्ही म्हणत नाहीं. पाण्यावर तरंगणारें व पाण्यांत बुडणारें अशीं दोनच प्राणिरूपें पाणी माणसास पुरवितें, एवढें म्हणणें पुरे.

पुढें चित्रांतील रूप इतकें दृढ झालें कीं, लोक डोळ्यांनीं तेंच पाहूं लागले. ९ जानेवारी १४९३ च्या नोंदींत कोलंबसानें तीन सायरेन पाहिल्याचें म्हटलें आहे, आणि त्या चित्रांतल्याइतक्या सुंदर नव्हत्या अशी तक्रारहि केली आहे. ते समुद्रांतील मॅनॅटी नांवाचे सस्तन प्राणी होते. त्यांचा सगोत्र डुगाँग आपल्याकडे कच्छचें आखात, मन्नारचें आखात व अंदमान येथें आहे. आमच्या वैतरणेच्या डोहांत असा कोणताहि प्राणी नसतां आसरा आहेत. म्हणून ‘प्राणी पाहून कथा रचली’ हें सोपें उत्तर येथें तरी चालत नाहीं. १८४२ सालीं न्यूयॉर्क येथें बार्नम यानें दाखविलेली ‘फिजीची मत्स्यकन्या’ म्हणजे वानराचें धड व माशाची शेपटी शिवून केलेली वस्तु होती. दोन हातांच्या पानांची एक पोथी करून विकणारे आपणांसहि भेटलेले आहेत. सांधा कोठें आहे तें पाहणें हेंच संशोधकाचें काम.

(७)

या विवेचनाचा व्यवहारांत उपयोग काय? पहिला उपयोग नांवें देण्यांत. संग्रहांत अर्धमत्स्य स्त्रीची आकृति आली कीं तिच्यावर ‘मत्स्यकन्या’ अशी चिठ्ठी डकविण्याची घाई होते. सतराव्या शतकांतील गोव्याच्या लांकडी कपाटांच्या पायांवर अशा आकृति असतात. एक त्यांस नागिणी म्हणतो, दुसरा जलपरी; आणि दोन्ही परंपरांचे कारागीर तेथें काम करीत होते हें दोघेहि विसरतात. उलट जेथें आकृति मुळींच नाहीं, केवळ सात दगड आहेत, तेथें चिठ्ठीच लागत नाहीं. मग तें स्थळ नोंदींतूनहि गळतें. आमच्याकडून तें असेंच गळलें होतें.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं इलाख्यांतील शाळामास्तरांकडे लोकसमजुतींविषयीं प्रश्न पाठवून उत्तरें जमविलीं होतीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं त्यांचा वध झाल्यावर तीं एन्थोव्हेन यांच्या हातीं आलीं, आणि कोंकणचा भाग १९१५ सालीं छापला गेला. त्या पुस्तकांतील माहिती खेड्यापाड्यांतील आमच्याच व्यवसायबंधूंनीं लिहून पाठविलेली आहे. आमच्या पिढीनें तें काम पुढें चालविलें नाहीं. पोथी मिळाली तर धांवलों, दगड दिसला तर वळसा घेतला.

आणि दगड आतां राहणारे नाहींत. मुंबईच्या पाण्यासाठीं वैतरणेवर १९५७ सालीं मोडकसागर व १९७३ सालीं ऊर्ध्व वैतरणा हीं धरणें झालीं. २०१० नंतर मोखाडा तालुक्यांतच कोचाळे येथें मध्य वैतरणेचें शंभर मीटरांहून उंच धरण उभें राहिलें. नदी अडली कीं तिचे जुने डोह एका मोठ्या पाण्यांत नाहींसे होतात; डोहाला नांव असतें, जलाशयांतील खोलीला तें राहत नाहीं. वर पाणी सांठलेलें असतां याच तालुक्यांतील पाडे उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. विहीर आटली कीं तिच्यावरची ओटी थांबते. ओटी थांबली कीं दगड कोणाचे हें सांगणारें माणूस दोन पिढ्यांत उरत नाहीं. हें कोणास दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. शहरास पाणी लागतें आणि आम्हीहि तें पितों. परंतु जें जाणार तें लिहून ठेवणें हें आपल्या हातचें आहे.

म्हणून वाचकांस दोन विनंत्या. आपल्या संग्रहांत शांतिप्रयोग, जलयात्रा, प्रतिष्ठा यांच्या पोथ्या असतील. त्यांचें मोल कमी समजून त्या बहुधा तळाशीं पडलेल्या असतात. त्या काढून जलमातृकांच्या नांवांचें पान तेवढें उतरून घ्यावें. पोथीचा शक, लेखकाचें गांव आणि पाठ जसा असेल तसा, अशुद्धासह द्यावा. शंभर पोथ्यांचे पाठ एकत्र आले तर जतुपी व सोमपा यांचा उलगडा होईल, आणि कोणत्या प्रदेशांत खेंकडी होती व कोणत्या प्रदेशांत वाराही, हेंहि कळेल. दुसरी विनंति अशी कीं, आपल्या गांवच्या डोहावर, विहिरीवर, तळ्यावर सात दगड असल्यास त्यांची संख्या, दिशा, जवळ म्हसोबा आहे कीं नाहीं, ओटी कोण भरतें व कोणत्या दिवशीं, हें तेथील बायांना विचारून लिहून ठेवावें. विचारतांना शेपटीचा प्रश्न करूं नये.

कौलज्ञानाच्या कथेंत शास्त्र माशानें गिळलें तेव्हां तें परत आणण्यासाठीं देवाला कोळी व्हावें लागलें, पाण्यांत उतरावें लागलें. ग्रंथालयांत बसून तें त्यास मिळालें नाहीं. खोडाळ्याच्या त्या डोहावर आम्ही पुन्हा गेलों तेव्हां दगड जागेवर होते. उन्हाळ्यामुळें पाणी त्यांच्यापासून बरेंच मागें सरलें होतें. ती म्हातारी बाई मात्र भेटली नाहीं. सातांतील पहिली मत्सी, हें आम्हीं तिला सांगणार होतों. तिनें आम्हांस काय सांगितलें असतें तें विचारावयाचें राहून गेलें.